५०७ (१:८) : पाचव्या हाताला लाल रंग टिकला

मंडळी, काल रात्री माझ्या बीएमडब्ल्यू ५०७ या जुन्या स्पोर्ट्स कारच्या १:८ मापाच्या मॉडेलच्या बॉडीवर लाल रंगाचा पाचवा हात मारला आणि आज सकाळी दार उघडून पाहिलं तर तो ओल्या मिरचीसारखा चकचकीत होता. डाव्या मडगार्डवर खिडकीचे गज मोजता येत होते. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा मनासारखा चहा प्यालो.

आधीच्या चारही वेळा काय झालं ते तुम्ही फोटोंत पाहिलंच आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारला की पाच मिनिटं सुंदर दिसायचा, मग बॉनेटच्या मधोमध पांढुरकी साय धरायची आणि बघता बघता दारापर्यंत पसरायची. दर वेळी ८०० चा वॉटर पेपर घेऊन पुन्हा सुरुवात. पहिल्यांदा थिनरवर संशय घेतला. इथल्या एका दुकानातून सुटं थिनर आणलं होतं, ते स्वस्त होतं आणि तसंच निघालं. सुटं थिनर एअरब्रश धुण्यापुरतंच ठेवा, रंगात घालू नका. पण सीलबंद डबा आणूनही साय आलीच. मग कंप्रेसरची टाकी रिकामी केली, तर वाटीभर पाणी! नळीत वॉटर ट्रॅप बसवला. ठिपके गेले, साय राहिली.

शेवटी फोंड्यातल्या एका गॅरेजातल्या पेंटर मेस्तांना पॅनेल दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाबा, रंग चांगला आहे रे. हवा ओली आहे. रंग थंड पडतो आणि पाणी धरतो."

घरी येऊन मीटर बघितला : २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. अशा हवेत दवबिंदू २५ च्या आसपास असतो. म्हणजे रंगाचा पृष्ठभाग जेमतेम दोन अंश थंड झाला की त्यावर दव पडणार. आणि थिनर उडताना तो थंड होतोच, हातावर थिनर सांडल्यावर गार लागतं तसा. ते दव सुकत्या रंगात अडकतं, तीच ती साय. मी इतके दिवस रंग, थिनर, दाब बदलत बसलो होतो आणि दोष होता आमच्या जुलैचा.

उपाय दोन, एकत्र. रंगात थिनरच्या दहाव्या हिश्शाएवढं रिटार्डर, म्हणजे थिनर सावकाश उडेल. आणि कवच, म्हणजे रेझिनची बॉडी, आधी गरम करायचं. आईच्या जुन्या कपाटात पावसाळ्यात बल्ब लावून ठेवायचो, तसं प्लायचं खोकं केलं, आत ६० वॉटचा बल्ब. कवच तासभर आत ठेवलं, हाताला कोमट लागेपर्यंत. मग बल्ब बंद करून प्लग काढला, खोकं दुसऱ्या खोलीत नेलं आणि तेव्हाच थिनरचा डबा उघडला. हे कृपा करून पाळा, थिनरची वाफ आणि तापलेला बल्ब एका जागी नको. पातळ हात मारले, दोन हातांमध्ये दहा मिनिटं. वाफ पूर्ण गेल्यावर कवच थंड खोक्यात, सोबत ओल शोषणारी निळी सिलिका जेल. सकाळी जेल गुलाबी झाली होती, रंग मात्र लालच.

पांढरी कर, साय दिसणारच नाही, असं दोघातिघांनी सुचवलं होतं. पण मला हवी आहे ती अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीची गाडी. १९५८ मध्ये जर्मनीत सैन्यात असताना त्याने घेतलेली ५०७ पांढरीच होती. चाहत्या तिच्यावर लिपस्टिकने निरोप लिहून जायच्या, म्हणून त्याने ती लाल करून घेतली. बीएमडब्ल्यूने ती पुढे पुन्हा पांढरी केली आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मांडली.

हे लिहितानाच सुचलं. साचा शाबूत आहे, मग एकच कवच का? दुसरं काढतो, ते पांढरं. एल्विसची लाल आणि २०१६ ची पांढरी शेजारी शेजारी. रेझिन आत्ताच घेतलेलं बरं, कारण मासेमारीबंदीत ट्रॉलर त्याच रेझिनने दुरुस्तीला लागलेले असतात आणि वास्कोच्या दुकानांत माल पडून राहत नाही. जुनं रेझिन नीट घट्ट होत नाही, हे मागच्या वर्षी भोगलंय.

हार्डटॉप, म्हणजे काढता येणारं कडक छप्पर, मात्र दोघींना वेगवेगळा करणार. खऱ्या ५०७ चं अॅल्युमिनियम हाताने ठोकलेलं, एकीचा हार्डटॉप दुसरीला नीट बसत नाही. जेमतेम २५२ गाड्या झाल्या. आयातदार मॅक्स हॉफमनला ती अमेरिकेत ५००० डॉलरला विकायची होती, किंमत जवळपास दुप्पट झाली आणि गिऱ्हाईक आटलं. आज संग्राहक तिच्यामागे का धावतात ते त्या ठोकलेल्या पत्र्यात आहे. माझ्या बकचंही (ज्यावरून साचा काढला त्या मूळ नमुन्याचं) डावं मडगार्ड उजव्यापेक्षा दीड मिलिमीटर फुगीर आहे. ते घासायचं ठरवलं होतं, आता तसंच ठेवतोय.

जाता जाता : पुढच्या चाकामागची जाळी झाली. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा, एक मिलिमीटरच्या पट्ट्या, मधला गोल बिल्ला अजून बाकी. क्लिअर कोट रविवारी, मीटर ८५ च्या खाली उतरला तर.