सलाईनच्या बाटलीपासून घमेल्यापर्यंत : आमची वाटचाल

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. डॉ. विल्यम वान्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे मिशन इस्पितळ उभारले. आज कर्नाटकातील रुग्णही उपचारांसाठी याच गावी येतात, आणि एवढे रुग्ण म्हटल्यावर सलाईनच्या बाटल्या, सिरिंज व नळ्या यांचे ढीग ओघाने आलेच. आमचा कारखाना मात्र फुटक्या बादल्या आणि क्रेट दळून त्यांचा दाणा, म्हणजे नव्या वस्तू घडवण्याचा कच्चा माल, पाडण्यापुरता होता.

दवाखान्याच्या मालाकडे आम्ही वळलो ते २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आल्यानंतर. त्यापूर्वीही असा माल भंगारात फिरत असे, पण तो निर्जंतुक केला आहे की नाही याचा कागद कोणी देत नसे, आणि कागद नसलेल्या मालाला हात लावायचा नाही ही वडिलांची शिस्त होती. आता दवाखान्यात लाल पिशवीत वेगळे काढलेले प्लास्टिक सामायिक प्रक्रिया केंद्रात, म्हणजे अनेक दवाखान्यांचा कचरा एकत्र हाताळणाऱ्या केंद्रात, जाते, तेथे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, उदाहरणार्थ १२१ अंश सेल्सिअसला ६० मिनिटे, वाफवले जाते आणि तुकडे झाल्यावरच आमच्याकडे येते. दवाखान्यातून थेट एक बाटलीही आम्ही उचलत नाही.

खरी कसोटी हौदावर लागते. चुरा पाण्यात सोडला की सिरिंजचे पॉलिप्रॉपिलीन आणि बाटल्यांचे पॉलिथिन वर तरंगते, नळ्यांचे पीव्हीसी तळाशी बसते. वर तरंगणाऱ्या मालात पीव्हीसीचे चार तुकडे राहिले तरी घात होतो, कारण पॉलिप्रॉपिलीन ज्या सुमारे दोनशे अंशांवर वितळवतात तेथे पीव्हीसी करपू लागते, हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि एक्सट्रूडरचा, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राचा, स्क्रू व बॅरल गंजतात. सिरिंजच्या दट्ट्याची काळी रबरी टोपी हा आणखी एक ताप. ती वितळत नाही, वितळलेला माल गाळणाऱ्या जाळीत अडकते, आणि जाळी बदलण्यासाठी चालू मशीन थांबवावे लागते.

तरीही माझ्या मते माल चांगला की वाईट हे वॉर्डातच ठरते. सुई कापून पांढऱ्या डब्यात आणि सिरिंज लाल पिशवीत टाकणाऱ्या मावशींना त्या पिशवीचे पुढे काय होते हे सहसा कोणी सांगितलेलेच नसते. काही दवाखान्यांत आम्ही त्यांना दाणा हातात देऊन दाखवला, तेव्हा ‘म्हणजे हे जाळत नाहीत होय?’ असा प्रश्न आला. तेथून येणाऱ्या पिशव्यांत कापसाचे बोळे कमी झाल्याचे केंद्रातले लोक सांगतात.

करोनाच्या काळात गॉगल, फेसशील्ड आणि प्लास्टिकचे अंगरखे लाल पिशवीत आले. गॉगल-फेसशील्ड वेगळे काढता येत. अंगरख्यांच्या कापडाचे धागे मात्र ग्राइंडरच्या पात्यांना गुंडाळले जात, आणि तो माल आम्ही शेवटी बंद केला.

आमच्या दाण्यापासून बांधकामाची काळी घमेली, कुंड्या आणि कचऱ्याचे डबे होतात. अन्न, पाणी किंवा खेळणी यांच्यासाठी आम्ही तो विकत नाही. ‘दवाखान्याचा माल’ म्हटले की गिऱ्हाईक नाक मुरडते, म्हणून केंद्राच्या बीजाणू-चाचणीचा, म्हणजे वाफेने चिवट जंतूही मेले की नाही हे तपासणाऱ्या चाचणीचा, अहवाल प्रत्येक खेपेसोबत देतो. दराचे दुखणे मात्र कागदाने बरे होत नाही : कच्चे तेल उतरले की नवा दाणा स्वस्त होतो आणि आमची पोती गोदामात पडून राहतात. तळाशी बसणारे पीव्हीसी सध्या होज पाइप करणाऱ्यांना जाते. त्याची लाइन येथेच टाकावी म्हणून बँकेकडे कर्जाचा अर्ज केला आहे.