माहेर निजामशाहीत, सासर आदिलशाहीत

नळदुर्गला पाणीमहालात उभे होतो. खिडकीबाहेर बोरी नदी धो धो कोसळतेय आणि बंधाऱ्याच्या पोटात आम्ही कोरडे! १६१३ चं, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम.

बाहेर येऊन पुतणीला सांगत होतो, हा सरहद्दीवरचा किल्ला. इकडं आदिलशाही, तिकडं निजामशाही. सोलापूर तर निजामशहाची लेक चांदबिबी आदिलशहाला दिली, त्या लग्नात आंदण दिलेलं, तरी भांडण मिटलं नाही. (आंदणाची भांडणं मिटतात कुठं!)

कणसं भाजणाऱ्या आजी ऐकत होत्या. म्हणाल्या, "माझं माहेर परांड्याकडं. ते कुणाचं?"

"निजामशाहीचं."

"म्हंजी मी परमुलखात नांदाय आले म्हना की!"

परतताना सोलापूरपर्यंत शेतंच शेतं. नांगर धरणाऱ्याला ती सरहद्द कधी दिसली असेल का?