लॅब्रॅडॉरची उरलेली ट्यूब

पावसाळ्यात आमच्या इंदिरानगरच्या क्लिनिकला पिसवा-गोचिडांच्या केसेस सुरूच असतात, त्यामुळे पंचवटीहून काकूंचा फोन आला की आमची मांजर मनी थरथरतेय, थंडी वाजत असेल का, तेव्हा मी आधी हेच विचारलं की अंगावर काही टाकलंय का. "हो, सकाळीच. टायगरची ट्यूब अर्धी उरली होती ना." टायगर म्हणजे त्यांचा लॅब्रॅडॉर, आणि ट्यूब त्याच्या पिसवांच्या औषधाची. म्हटलं काकू, ट्यूबचं पाकीट घ्या आणि निघा लगेच.

मनी आली ती टॉवेलात गुंडाळलेली, तोंडातून लाळ, कान फडफडतायत, पायाचे स्नायू उडतायत, नुसता हात लावला तरी झटका. अंग तापलेलं. पाकिटावर बारीक अक्षरात पर्मेथ्रिन, कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवरचं कीटकनाशक. संपलं, म्हणजे निदान संपलं, काम आता सुरू.

काकू सारखं सांगत होत्या, मांजर लहान म्हणून अर्धंच टाकलं. ऐकायला बरोबर वाटतं, पण प्रश्न मापाचा नाहीच. कुत्र्याचं लिव्हर पर्मेथ्रिन फोडून बाहेर टाकतं, मांजराच्या लिव्हरमध्ये त्यासाठी लागणारं एन्झाइम फारच कमी, म्हणून ते अंगात साचतं आणि नसा पेटलेल्याच राहतात. त्यात कुत्र्यांच्या काही ट्यूबमध्ये ते ४५ टक्के किंवा जास्त असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्येच ४५० मिलिग्रॅम, आणि मनी जेमतेम तीन किलोची. किलोमागे १०० मिलिग्रॅम गेलं तरी जिवावर बेतू शकतं. हिशोब तुम्हीच करा.

याला उतारा नाही. आधी सलाइन लावलं, औषधाने झटके थांबवले, मग अंघोळ, साध्या भांड्याच्या लिक्विडने आणि कोमट पाण्याने. गरम पाण्याने औषध अजून आत शोषलं जातं आणि गार पाण्याने अंग थंड पडून थरथर वाढते, दोन्ही वाईट. थरथरीवर मेथोकार्बामोल, हे माणसांच्या पाठदुखीवरचं इंजेक्शन, काकांना मेडिकलला पिटाळलं तर मेडिकलवाला विचारतो पेशंट कोण. काका म्हणाले मनी, वय चार.

रात्रभर सलाइन आणि टेंपरेचर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फक्त कान उडत होता, तिसऱ्या दिवशी तिने माझ्या असिस्टंटला बोचकारलं, म्हटलं आता डिस्चार्ज.

पिसवा राहिल्याच होत्या, त्यामुळे काही दिवसांनी मांजरांसाठीच असलेली फिप्रोनिलची, म्हणजे पिसवांवरच्या दुसऱ्या औषधाची, अर्धा मिलिलिटरची ट्यूब दिली. मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर, आणि दोन दिवस अंघोळ नाही. घरातल्या गाद्या, सोफ्याखालचा कोपरा पण साफ करा म्हटलं, कारण अंडी तिथेच पडलेली असतात.

निघताना काका हळूच म्हणाले, "डॉक्टर, दुसरी ट्यूब आहे अजून घरात, टायगरला चालेल ना?" टायगरला चालेल काका, पण मनी झोपते कुठे? "त्याच्याच पोटाशी." मग नकोच, मी त्याला दुसरं लिहून देतो.