गच्चीवरचा ठिबक नियंत्रक, भाग ३: कन्स्ट्रक्टरनं किती करावं?

मागच्या नोंदीपर्यंत चारही वाफ्यांचं वायरिंग झालं होतं: टोमॅटो, मिरची, मोगरा आणि कढीपत्ता. प्रत्येक वाफ्यात एक कपॅसिटिव्ह ओलावा-सेन्सर, प्रत्येकाला एक सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह, मध्ये चार वाटांचं रिले (विजेनं चालणारे स्विच) बोर्ड, आणि डोकं म्हणून अर्डुइनो उनो हे छोटं मायक्रोकंट्रोलर बोर्ड. कोड चालत होता, पण वाचायला अवघड होता. चार ॲरे (आकड्यांच्या याद्या) होते: सेन्सरचे पिन, रिलेचे पिन, उंबरठे आणि व्हॉल्व्ह उघडल्याच्या वेळा. पाचवा वाफा जोडायचा म्हटलं की चार ठिकाणी हात घालावा लागणार, आणि एका ॲरेत आकडा राहून गेला तरी कंपायलर (कोड तपासून चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) चकार शब्द काढणार नाही.

म्हणून या खेपेला सगळं 'वाफा' नावाच्या क्लासमध्ये आणलं. क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरची फंक्शन एकत्र बांधणारा साचा, त्यातून बनते ती प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. (अर्डुइनोसोबत येणारा एव्हीआरचा, म्हणजे उनोवरच्या चिपच्या घराण्याचा, कंपायलर देवनागरी नावं घेत नाही, त्यामुळे खऱ्या कोडात नावं रोमन लिपीत आहेत. इथं वाचायला बरं म्हणून मराठीत लिहितोय.) क्लास लिहिणं सोपं गेलं. वेळ खाल्ला तो कन्स्ट्रक्टरनं, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शननं, आणि ही नोंद जवळजवळ सगळी त्याच्याबद्दलच आहे.

पहिला फायदा लगेच हाती लागला. सी प्लस प्लसमध्ये तुम्ही स्वतः एखादा कन्स्ट्रक्टर लिहिला की कंपायलर आयता देतो तो बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर मिळणं बंद होतं. मी एकच कन्स्ट्रक्टर लिहिलाय: सेन्सरचा पिन, रिलेचा पिन, कोरडेपणाचा उंबरठा आणि पाणी जास्तीत जास्त किती सेकंद सोडायचं ते. यातलं काहीही गाळून 'वाफा' तयारच करता येत नाही, कोड कंपाइल होत नाही. ॲरेत आकडा राहून जाण्याची भीती तिथंच संपली.

आता मेंबरना (क्लासच्या आतल्या व्हेरिएबलना) किंमत द्यायची कुठं? कन्स्ट्रक्टरच्या महिरपी कंसात बसून एकेकाला किंमत देता येते, पण कॉन्स्ट (पुढे न बदलणारे) मेंबर आणि रेफरन्स (दुसऱ्या व्हेरिएबलचं टोपणनाव) यांना तिथं किंमत देताच येत नाही. त्यांना कंस उघडण्याआधीच्या इनिशियलायझर लिस्टमध्येच द्यावी लागते. मी पिन कॉन्स्ट केलेत, कारण चालू प्रोग्रॅममध्ये रिलेचा पिन बदलण्याचं काही कारण नाही. एकदा लिस्ट लिहायचीच आहे तर सगळंच तिथं लिहावं. ज्या गोष्टी बाहेरून येत नाहीत, उदाहरणार्थ 'व्हॉल्व्ह उघडा आहे का', त्यांना क्लासमध्ये जाहीर करतानाच 'नाही' अशी किंमत देऊन टाकली. ही सोय सी प्लस प्लस ११ पासूनची, आणि अर्डुइनोचा एव्हीआर कोअर (या चिपसाठीचा अर्डुइनोचा पायाभूत कोड आणि सेटिंग) निदान तेवढं तरी समजतो.

याच इनिशियलायझर लिस्टमध्ये एक खड्डा आहे, तो नीट पाहून ठेवा. मेंबर तयार होतात ते क्लासमध्ये ज्या क्रमानं जाहीर केले त्या क्रमानं. लिस्टमध्ये तुम्ही त्यांना कुठल्या क्रमानं मांडलंय याला शून्य किंमत. माझ्याकडे दोन उंबरठे आहेत: 'चालू' आणि 'बंद'. कपॅसिटिव्ह सेन्सर कोरड्या मातीत मोठा आकडा दाखवतो आणि ओल्या मातीत लहान. त्यामुळे वाचन 'चालू'च्या वर गेलं की पाणी सुरू, आणि 'बंद'च्या खाली आलं की थांबा. दोघांत अंतर ठेवलं नाही तर रिले सीमेवर टकटक करत बसतो. 'बंद' मी 'चालू'मधून ६० वजा करून काढतो. समजा क्लासमध्ये 'बंद' आधी जाहीर केलंय आणि 'चालू' नंतर. मग लिस्ट कितीही सरळ दिसो, 'बंद' काढताना 'चालू'मध्ये अजून काहीच आलेलं नसतं. ऑब्जेक्ट ग्लोबल (सगळ्या फंक्शनच्या बाहेर) असेल तर तिथं शून्य असतं, म्हणजे 'बंद' होतो उणे ६०. उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटांचा, त्याचं वाचन ० ते १०२३. उणे ६०च्या खाली तो या जन्मी जाणार नाही, आणि व्हॉल्व्ह कमाल सेकंद संपेपर्यंत उघडाच राहणार.

कंपायलर याबद्दल इशारा देतो, पण अर्डुइनो आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) इशारे मुळात बंद असतात. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन कंपायलर वॉर्निंग्ज 'ऑल' करा. ही नोंद अर्ध्यात सोडलीत तरी चालेल, पण एवढं करा.

इशाऱ्यांचंच आणखी एक. पुस्तकांत वाचायला मिळतं की महिरपी कंसांनी ऑब्जेक्ट तयार केला तर आकडा मावत नसल्यास कंपायलर अडवतो. एका बाइटच्या मेंबरला ४२० दिलं तर त्यात उरतात १६४, आणि महिरपी कंसात ही चूक ठरायला हवी. पण अर्डुइनोच्या एव्हीआर कोअरच्या सेटिंगमध्ये ती चूक मुद्दाम खाली उतरवून नुसता इशारा केलेली आहे. आणि इशारे बंद! म्हणजे महिरपी कंसांचं संरक्षण आहे असं समजून आपण निर्धास्त, आणि प्रत्यक्षात दारावर कुणीच नाही.

ग्लोबल आणि लोकल ऑब्जेक्टमधला फरकही करून पाहिला. एका छोट्या क्लासमध्ये एक इंट मेंबर ठेवला, त्याला किंमत दिलीच नाही. ग्लोबल ऑब्जेक्टमध्ये शून्य छापलं गेलं. तोच क्लास फंक्शनच्या आत वापरला तर भलताच आकडा. ग्लोबल मेमरी प्रोग्रॅम सुरू होताना पुसून शून्य केली जाते, स्टॅकवरची (फंक्शनला तात्पुरती मिळणारी) तशीच उष्टी मिळते. तुमचा क्लास 'इतके दिवस नीट चालत होता' याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

आता मुख्य प्रश्न. पिनमोड लावणं (पिन इनपुट की आउटपुट ते ठरवणं), रिले बंद ठेवणं, सिरियल (कॉम्प्युटरशी बोलायची वाट) सुरू करणं हे सगळं कन्स्ट्रक्टरमध्येच का करू नये? डेस्कटॉपवर सी प्लस प्लस शिकलेला माणूस हेच म्हणेल, आणि त्याचं चूक नाही. कन्स्ट्रक्टर संपला की ऑब्जेक्ट वापरायला तयार, हाच तर त्यातला करार. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये क्लास असलेली सी बांधायला घेतली, तेव्हापासून ही हमी त्या भाषेच्या मुळाशी आहे.

पण अर्डुइनोवर आपले ऑब्जेक्ट बहुतेक ग्लोबल असतात, आणि ग्लोबल कन्स्ट्रक्टर मेन()च्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या मुख्य फंक्शनच्या, आधी चालतात. उनोवरचा क्रम असा: आधी मेमरीत किंमती भरल्या आणि पुसल्या जातात, मग ग्लोबल कन्स्ट्रक्टर, मग मेन(). मेन()मध्ये पहिल्यांदा इनिट(), नंतर एकदाच आपलं सेटअप(), आणि मग अखंड लूप(). हे मेन() कोअरमध्ये लपलेलं असतं, पण फाइल उघडून पाहा, पानभराचीसुद्धा नाही. इनिट() आहे त्या फाइलीचं नाव आजही वायरिंग.सी आहे. एर्नांदो बारागान यांच्या ज्या वायरिंग प्रकल्पातून अर्डुइनो निघाला, त्याची ही खूण.

हे इनिट() काय करतं? इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष वेधणारे संकेत) चालू करतं, टायमर ० सुरू करतं (वेळ सांगणारं मिलिस() आणि थांबवणारं डिले() याच्यावर चालतात), पीडब्ल्यूएमचे (पिन झपाझप चालू-बंद करण्याचे) टायमर आणि एडीसी लावून देतं. म्हणजे आपला कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा यातलं काहीही झालेलं नसतं. भाडेकरार झाला म्हणून घरात वीज आलेली असते असं नाही, तशातली गत.

हे नुसतं वाचून सोडायचं नव्हतं, म्हणून मुद्दाम एक निकामी क्लास लिहिला. कन्स्ट्रक्टरमध्ये डिले(१००), आणि सेटअप()मध्ये बोर्डावरचा एलईडी लावायचा. एलईडी लागला नाही. डिले() मायक्रोस() (मायक्रोसेकंदांची मोजणी) पुढे सरकण्याची वाट पाहतं, टायमर सुरूच नाही, त्यामुळे ते वाटच पाहत राहतं. प्रोग्रॅम सेटअप()पर्यंत पोचतच नाही.

दुसऱ्या प्रयोगात कन्स्ट्रक्टरमधून सिरियल.बिगिन(९६००) करून एक वाक्य छापायला सांगितलं. कॉम्प्युटरवरच्या सिरियल मॉनिटरवर ते वाक्य आलं नाही. इथलं कारण जास्त मजेशीर आहे. बूटलोडर (चिपमध्ये आधीपासून असलेला, नवा कोड उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) पिन ० आणि १ सिरियलला जोडून ठेवतो. त्या पिना साध्या कामाला मोकळ्या मिळाव्यात म्हणून इनिट() जाता जाता सिरियलचं कंट्रोल रजिस्टर शून्य करतं. आपण कन्स्ट्रक्टरमध्ये सुरू केलेलं सिरियल त्याच झाडूखाली जातं. शिवाय सिरियल हासुद्धा एक ग्लोबल ऑब्जेक्टच. वेगवेगळ्या फाइलींतल्या ग्लोबल ऑब्जेक्टपैकी कोण आधी तयार होणार याची भाषा हमी देत नाही. एकाच फाइलीत वरून खाली असा क्रम असतो, फाइल बदलली की नशीब.

पिनमोड() मात्र उनोवर कन्स्ट्रक्टरमध्येही चालतं, कारण ते फक्त रजिस्टरमध्ये बिट लिहितं. नेटवरचे कितीतरी क्लास तसंच करतात. मी करणार नाही. उद्या बोर्ड बदललं तर तिथल्या सुरुवातीच्या क्रमावर आपला काही हक्क नाही.

एक अपवाद लिक्विडक्रिस्टल या एलसीडी डिस्प्लेच्या लायब्ररीत सापडला. तिचा कन्स्ट्रक्टर थेट डिस्प्ले सुरूच करून टाकतो, १६ अक्षरं आणि १ ओळ धरून. नंतर सेटअप()मध्ये आपण lcd चं बिगिन(१६, २) म्हणतो तेव्हा तेच काम पुन्हा होतं. हे चालतं, कारण त्यातली वाट पाहणी डिलेमायक्रोसेकंद्स()नं केलेली आहे. ते टायमरकडे न बघता नुसती घड्याळाची आवर्तनं मोजत गोल फिरतं. चलाख आहे, पण अनुकरण करावं असं नाही.

तर माझा नियम आता ठरलाय. कन्स्ट्रक्टरनं आकडे लक्षात ठेवायचे, हार्डवेअरला हात लावायचा नाही. हात लावायचा तो बिगिन()नं, आणि बिगिन() सेटअप()मधून बोलवायचं. डीएचटी (तापमान-आर्द्रता) सेन्सरची लायब्ररी हेच करते, सर्व्हो मोटरच्या लायब्ररीत त्याचं नाव ॲटॅच() आहे एवढंच.

बिगिन()चा दुसरा फायदा म्हणजे ते खरं-खोटं परत देऊ शकतं. कन्स्ट्रक्टर काही परत देत नाही, आणि अपयश कळवायचा त्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे एक्सेप्शन (चूक झाली की काम तोडून वर कळवण्याची सोय). ती अर्डुइनोच्या एव्हीआर कोअरमध्ये बंद असतात. माझं बिगिन() सेन्सर एकदा वाचतं, ० किंवा १०२३ आलं तर 'खोटं' म्हणतं आणि तो वाफा बाजूला ठेवतं. तपासणी अर्धीमुर्धीच आहे. सुटलेली तार मधलाही कुठला आकडा दाखवू शकते.

बिगिन()मधल्या दोन ओळींचा क्रम मात्र महत्त्वाचा. माझं रिले बोर्ड उलट्या तर्काचं आहे: पिन लो (० व्होल्ट) झाला की रिले ओढला जातो. रीसेट झाल्यावर उनोचे पिन इनपुट असतात, तेव्हा रिले शांत. त्यावर आधी पिनमोड आउटपुट केलं तर पिन थेट लो होतो आणि रिले एकदा 'टक' करतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. आधी डिजिटलराइटनं पिन हाय (५ व्होल्ट) करा, मग पिनमोड आउटपुट. पहिल्या ओळीनं फक्त आतला पुलअप (पिनला हायकडे ओढणारा रेझिस्टर) लागतो, दुसरीनं पिन थेट हायवरच आउटपुट होतो. टक नाही. लाइट जाऊन-येऊन असते अशा घरी हे दिवसातून कितीदा वाचतं ते तुम्हीच मोजा.

दोन पायऱ्यांच्या या पद्धतीवर एक रास्त आक्षेप आहे: ऑब्जेक्ट तयार झालाय पण वापरण्याजोगा नाही, अशी मधली अवस्था राहते. त्यासाठी 'सज्ज' नावाचा एक बूल (हो किंवा नाही ठेवणारा मेंबर) ठेवलाय, सुरुवातीला 'नाही'. बिगिन() यशस्वी झालं तरच 'हो'. पाणी सोडणारं फंक्शन आधी तो बघतं, 'नाही' असेल तर मुकाट परत फिरतं.

शेवटची सुधारणा पिनांची. सेन्सरपिन आणि रिलेपिन दोन्ही आकडेच, त्यामुळे अदलाबदल झाली तर कंपायलरला कळायचं कारण नाही. ए० म्हणजे उनोवर १४, रिलेचा पिन ७, दोन्ही बाइटच. उलटे दिले तर ॲनालॉगरीड(७) होईल, म्हणजे चॅनेल ७, आणि उनोच्या लांबट चिपला त्याचा पायच बाहेर काढलेला नाही. म्हणून 'सेन्सरपिन' आणि 'रिलेपिन' असे दोन इवलेसे क्लास केले, दोघांचे कन्स्ट्रक्टर 'एक्सप्लिसिट'. आता नुसता आकडा चालत नाही, कुठला पिन ते लिहावंच लागतं. मेमरीची भीती नको. एका बाइटभोवती गुंडाळलेला क्लास एकच बाइट घेतो. पूर्ण वाफा साइझऑफनं (आकार सांगणाऱ्या सोयीनं) १४ बाइट दाखवतो, चार वाफे ५६. उनोकडे २०४८ आहेत.

कंस टाकण्याबद्दल जाता जाता: बिनपॅरामीटरचा ऑब्जेक्ट करताना सवयीनं मागे रिकामे गोल कंस लावू नका. कंपायलर त्याला फंक्शनची घोषणा समजतो, आणि तक्रार भलत्याच ओळीवर करतो.

पुढच्या भागात डीएस३२३१ घड्याळ बसवतोय, म्हणजे भर दुपारी पाणी सुटणार नाही. ते आय-टू-सीवर (अनेक उपकरणांची सामायिक दोन तारांची जोडणी) असल्यामुळे ती सुरू करणारं वायर.बिगिन() त्याच्या आधी व्हायला हवं. हे घड्याळाच्या क्लासनं आपल्या बिगिन()मध्ये करावं की सेटअप()नं? आय-टू-सीवर उद्या डिस्प्लेही येणार आहे, तेव्हा माझा कल सेटअप()कडे आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या एकाच आय-टू-सी जोडणीवर दोन-तीन उपकरणं आहेत, त्यांनी काय केलंय ते सांगा.