तुला नाही शोभणार!

आमच्या दांडिया बाजारातल्या बायकांना कपड्यांचे नियम आरत्यांसारखे पाठ असतात. सावळीनं पिवळं नेसू नये. बुटकीनं रुंद काठ घेऊ नये. अंगानं भरलेलीनं आडव्या रेघा आणि मोठी फुलं यांच्या वाटेला जाऊ नये. चाळिशीनंतर राणी रंग दुकानातसुद्धा उलगडायला लावू नये, आणि पन्नाशीनंतर बिस्किटी, राखाडी, फार तर फार मोतिया. कुणी मोडलेच, तर जिना उतरून होईस्तोवर एखादी काकू गाठते आणि म्हणते, ‘साडी छान आहे गं, पण तुला नाही शोभत.’ हे नियम नीट ऐकावेत. काय घालावं हे त्यातला एकही सांगत नाही. सगळे काय लपवावं एवढंच सांगतात.

आणि हे कुठे, तर बडोद्यात. न्यायमंदिराजवळून मंगळ बाजारात शिरलं की दोन्ही बाजूंनी बांधण्या अंगावर येतात. लालात हिरवा, हिरव्यात पिवळे ठिपके, मध्येच एखादी काळी-लाल. या शहरात पिढ्यान् पिढ्या राहून आमचं अर्धं बोलणं गुजराती झालं, वरणात गूळ आला, पण कपाटात मात्र बिस्किटी रंग ठाण मांडून बसला आहे.

आता पिवळ्याचंच घ्या. पिवळा म्हणजे एकच रंग आहे का? लिंबाचा पिवळा वेगळा, हळदीचा वेगळा, मोहरीच्या फुलाचा वेगळा आणि केशराकडे झुकणारा आणखी वेगळा. लिंबू रंगानं एखादीचा चेहरा उतरल्यासारखा दिसतो, तीच हळदी रंगात उजळून निघते. बांधणीत तर पिवळा बहुधा सुटा येत नाही. कापडाला गाठी मारून आधी फिका रंग देतात, मग आणखी गाठी मारून गडद रंगात बुडवतात. म्हणून पिवळा ठिपका लालाच्या पोटात बसतो, आणि सावळ्या चेहऱ्यापाशी तो इतका देखणा दिसतो की पिवळं नेसू नये म्हणणारी ते बघत कशी नाही, याचंच नवल वाटतं.

रंग पारखायचा तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पारखू नये. तिथे मोरपंखी निळा दिसतो आणि अबोली चक्क गुलाबी. पदर हनुवटीखाली धरून सरळ दुकानाच्या पायरीवर उजेडात यावं आणि सोबत आलेल्या बाईला विचारावं, आधी काय दिसलं? चेहरा दिसला तर साडी घ्यावी. साडीच दिसली तर तो रंग चेहऱ्यापासून लांब, निऱ्यांत नाहीतर काठात असलेला बघावा. दुकानदाराला विचारण्यात अर्थ नसतो. तो सगळ्यांनाच ‘बहु सरस लागे छे, बेन’ म्हणतो, आणि त्याची चूक नाही, त्याला संध्याकाळच्या आत गल्ला भरायचा असतो.

आडव्या रेघांचा नियम तर माझ्या मनाला फार लागतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1867 मध्येच लिहून ठेवलंय की चौकोनात आडव्या रेघा मारल्या तर तो आहे त्यापेक्षा उंच दिसतो, आणि बायकांच्या आडव्या रेघांच्या कपड्यांचंही तसंच. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच पुन्हा तपासलं, तेव्हा आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतं हा समज तिथेही टिकला नाही. पुढच्या प्रयोगांत उत्तर थोडं गुंतागुंतीचं निघालं, बघायच्या माणसाच्या अंगलटीप्रमाणे परिणाम कमी-जास्त होतो. ते काही असो, दीडशे वर्षं शास्त्राला जे ठामपणे सांगता आलं नाही, ते आमच्या आत्या जिन्यात उभ्या उभ्या सांगतात.

छपाईबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. फूल मोठं की लहान यापेक्षा दोन फुलांमध्ये मोकळी जागा किती, हे आधी बघावं. पांढऱ्या जमिनीवर लांब लांब अंतरावर मोठे बुट्टे असले की नजर एकेका बुट्ट्यावर अडखळते, आणि तो बुट्टा नेमका पोटावर आला तर बघणाऱ्याचाही इलाज नसतो. अजरखमध्ये हा त्रास नाही. कच्छातली ही छपाई नीळ आणि मंजिष्ठाच्या लालात असते. धमडका हे तिचं जुनं गाव, आणि 2001 च्या भूकंपानंतर तिथल्या कारागिरांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं. ठसा ठशाला इतका खेटून बसतो की कापडात रिकामी जागाच उरत नाही. नजर कुठेही न थांबता वरपासून खालपर्यंत जाते. बारीक बाईला, भरलेल्या बाईला, माझ्यासारख्या मधल्या अवस्थेतल्या बाईला, सगळ्यांना ती चालते. पाटणच्या पटोळ्याबद्दल मी काही बोलत नाही. त्यात ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, दोन्ही आधी बांधून रंगवतात, साडी दोन्हीकडून सारखी दिसते, आणि किंमत ऐकल्यावर ती लांबूनच शोभते.

पण खरी मेख शिवणीत असते. रंग, छपाई सगळं मनासारखं आणि ब्लाउज ढगळ, की सगळ्यावर पाणी. आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिंपी आहेत. मशीनच्या डाव्या हाताला खडू, उजव्या हाताला टेपाचं वेटोळं, आणि भिंतीवर अंबामातेचा फोटो. माप घेताना ते आधी खांदा घेतात आणि बोट हाडावर टेकवून थांबतात. खांद्याची शिवण त्या हाडावर बसायला हवी. अर्धा इंच जरी दंडावर उतरली तरी बाई दमलेली दिसते, मग ब्लाउज जरीचा असला तरी. बाहीचंही तसंच. दंडाचा जो भाग सगळ्यात भरलेला, तिथेच बाही संपवली तर नजर तिथेच संपते. म्हणून एकतर वर थांबवावी किंवा सरळ कोपराच्या वरपर्यंत न्यावी. कुर्त्याची उंची पोटरीच्या रुंद भागावर तोडू नये. स्लिट कमरेच्या हाडाच्या फार वर गेली तर कुर्ता वाऱ्यावर उडतो आणि फार खाली ठेवली तर बसताना शिवण उसवते. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, घट्ट नसावा, आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, भरपूर ठेवावी, आणि मोठा बुट्टा छातीवर किंवा पाठीच्या मधोमध नीट बसवायचा असेल तर कापड कापायच्या आधी शिंप्यासमोर उभं राहून दाखवून द्यावा. नंतर बोलण्यात अर्थ नाही.

मी त्यांच्याकडे असताना एक मराठी बाई ब्लाउज टाकायला आल्या होत्या. शिंप्यांनी सवयीनं विचारलं, ‘थोडुं ढीलुं राखुं ने, बेन?’ बाई लगेच म्हणाल्या, ‘हो, ढीलुंच बरं, वय झालं आता.’ वयाचा आणि ढगळपणाचा काय संबंध, हे मला कधीच कळलेलं नाही. ढगळ कपड्यात शरीर लपत नाही, ते आहे त्याहून मोठं मात्र दिसतं.

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. तिथल्या बायका एकदा नीट बघा. भरलेले दंड, चक्क दिसणारी पोटं, रुंद काठ, गर्द लाल, गर्द हिरवं. त्यातल्या एकीलाही कुणी ‘तुला नाही शोभत’ म्हटल्याचं चेहऱ्यावरून वाटत नाही. आणि याच राजवाड्यातली इंदिराराजे, सयाजीरावांची मुलगी, जन्म 1892 चा. कूचबिहारची राणी झाली आणि 1922 मध्ये नवरा गेला. विधवेनं पांढरं नेसायचं, एवढाच दंडक होता. तिनं पांढरं नेसलं, पण फ्रेंच शिफॉनमध्ये, आणि तिच्यामागून साऱ्या देशातल्या उच्चभ्रू बायकांनी शिफॉन नेसायला सुरुवात केली. नियम पाळला तिनं, पण आत्यांच्या पद्धतीनं नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे नवरात्र. वर्षभर बिस्किटी रंगात फिरणाऱ्या आमच्याच बायका गरब्याला निघतात तेव्हा अंगावर आरसे, राणी रंगाचा घागरा, त्याला कळ्या मोजता येणार नाहीत इतका घेर, उघडी पाठ आणि पायात काही नाही. मैदानावर हजारो लोक एकाच वर्तुळात फिरत असतात, त्यात साठीच्या काकू असतात आणि ज्यांना आडव्या रेघा बंद केल्यात त्यासुद्धा असतात. घेर टाळीबरोबर उघडतो आणि मिटतो, आणि खरं सांगते, सगळ्या छान दिसतात. ‘अगं, गरबा आहे ना, गरब्याला चालतं’ असं म्हणतात. मग कार्तिकात का चालत नाही, हे विचारलं की विषय भाकरीच्या पिठाकडे वळतो.

यंदा मी आत्याला नवरात्राच्या आधीच मंगळ बाजारात नेणार आहे. बिस्किटी नाही, लाल बांधणी घ्यायची, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. तिनं ‘बघू’ म्हटलंय, म्हणजे अर्धा होकार. अडचण वेगळीच आहे. नवरात्राच्या आधी पितृपक्ष, त्यात आत्या नवं कापड घरात आणू देत नाही. म्हणजे साडी गणपतीतच घ्यायला हवी. आणि गणपतीत शिंपी म्हणतात, ‘बेन, चणिया-चोळीना कामनो ढग छे, ब्लाउज दिवाळी पछी.’ म्हणजे घागरा-चोळीच्या कामाचा ढीग पडलाय, ब्लाउज दिवाळीनंतर. त्यांच्यापुढे कुणाची तरी ओळख काढावी लागेल.