आतली माया

ब्लाउज शिवायला टाकताना आई शिंप्याला एकच गोष्ट दोनदा सांगते, "आत माया सोडा हं भरपूर." शिवणीच्या आत राखलेल्या बोटभर कापडाला माया म्हणायचं कुणाला सुचलं असेल, कोण जाणे. बाई अंगानं भरली की शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची.

परवा माझा नवा ब्लाउज आला तो मात्र खांद्यांवरून घसरतच. माया होती, पण जास्तीच्या कापडापुढे ती काय करणार? मला आठवली एडिथ हेड.

एडिथबाई म्हणजे हॉलिवूडच्या वेशभूषेतलं मोठं प्रस्थ. पॅरामाउंट स्टुडिओत चाळीसहून अधिक वर्षं, मग युनिव्हर्सल. ऑस्करची ३५ नामांकनं आणि ८ पुतळे. १९५० च्या 'ऑल अबाउट ईव्ह'साठी तिनं बेटी डेव्हिसला तपकिरी रेशमी पोशाख बेतला होता, फरची किनार लावून. तिनंच सांगितलेली हकिकत अशी, की चित्रीकरणाच्या दिवशी बघते तर मापात घोळ! गळा मोठा झालेला, वरचा भाग अंगावर ठरेना. बाईंच्या पोटात गोळा. बेटीनं आरशात पाहिलं, बाह्या खांद्यांखाली ओढल्या आणि हेच छान दिसतंय म्हणून मोकळी झाली. तो उघड्या खांद्यांचा झगा आजही त्या सिनेमाची ओळख आहे. त्या वर्षी याच सिनेमासाठी ऑस्करही मिळालं, चार्ल्स लमेअरबरोबर विभागून.

एरवी मात्र एडिथचं काम झाकण्याचं. बार्बरा स्टॅनविकची कंबर लांब, म्हणून कमरपट्ट्याची रुंदी पुढे-मागे वेगळी ठेवून कॅमेऱ्याला चकवलं. आपल्याकडे शिंपी म्हणतो, "ताई, तुमची उंचीच कमी आहे." एडिथ ते बोलत नसणार, कापडाकडून वदवून घेत असणार, आणि तेही उलट.

स्वतःलाही तिनं झाकलंच. कपाळावर सरळ कापलेले केस, साधा सूट आणि तो प्रसिद्ध गोल काळपट चश्मा. त्याची सुरुवात कामातून झाली. निळ्या काचेतून पाहिलं की कृष्णधवल पडद्यावर कापड कसं दिसेल याचा अंदाज यायचा. लाल आणि हिरवा तिथे एकाच राखाडीत विरघळायचे, म्हणून कापड रंगावर नव्हे, छटेवर निवडायचं. रंगीत सिनेमा आला, तरी बाईंचा काळा चश्मा काही उतरला नाही. २००४ च्या 'द इन्क्रेडिबल्स' या कार्टूनपटातल्या वेशभूषाकार एडना मोडला पाहून अनेकांना तीच आठवली.

आणि काही गोष्टी तिनं झाकल्या, त्या मला टोचतात. मुळात ही फ्रेंच शिकवणारी मास्तरीण. १९२४ च्या सुमारास पॅरामाउंटमध्ये नोकरी मागायला गेली ती कलावर्गातल्या सोबत्यांची चित्रं आपली म्हणून घेऊन. पुढे तिनं हे कबूल केलं, म्हणून हसून सोडून देता येतं. 'सबरीना' या सिनेमाचं तसं नाही. ऑड्री हेपबर्नचे त्यातले गाजलेले काही पोशाख पॅरिसच्या फॅशनकार जिव्हांशीचे होते. पडद्यावर वेशभूषेला नाव एकट्या एडिथचं आणि ऑस्करही तिलाच. स्टुडिओची तेव्हाची रीतच तशी, असं म्हणता येईल. तरी आठ पुतळे असलेल्या बाईला एवढी माया सोडता आली असती की!

पण माझा राग फार टिकत नाही. ऑक्टोबर १९८१ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना ती गेली. त्याआधी 'डेड मेन डोन्ट वेअर प्लेड'चं काम केलेलं, आणि तेही जुन्या कृष्णधवल सिनेमांच्या तुकड्यांशी जुळवून घेणारं. जवळजवळ साठ वर्षांच्या सरावाचा डोळा पुन्हा राखाडीतच कामाला आला.

मीही परवा आरशासमोर बाह्या खांद्यांखाली ओढून पाहिल्या. मान जरा तिरकी केली. मागे आई उभी होती. तिनं काही न बोलता आपल्या बांगडीतली सेफ्टी पिन काढून माझ्या हातावर ठेवली.