ट्रेस नंतर, आधी वरची पट्टी

गेल्या पावसाळ्यात वाईच्या रस्त्यावर आमची फायबर केबल तुटली. ओटीडीआरने, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून तूट शोधणाऱ्या मशीनने, तूट १२.१३५ किलोमीटरवर दाखवली. अंतर मोजायचं चाक ढकलत तिथे पोचलो, दोन तास चिखलात खणलं, तर केबल धडधाकट. खरी तूट अडीचशे मीटर पुढे, मोरीच्या कठड्याला लागून होती.

संध्याकाळी गाडीत बसून तोच ट्रेस, म्हणजे मशीनने काढलेला आलेख, पुन्हा उघडला. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं: वेव्हलेंग्थ १५५० नॅनोमीटर, पल्स (प्रकाशाचा एक ठोका) १ मायक्रोसेकंद, रेंज ४० किलोमीटर, इंडेक्स १.५०००. आमच्या सिंगलमोड फायबरचा इंडेक्स, म्हणजे प्रकाश त्यात किती हळू जातो ते सांगणारा आकडा, १.४६८ च्या आसपास असतो. मशीन प्रकाशाला जाऊन यायला लागलेला वेळ मोजतं आणि या आकड्यावरून अंतर काढतं. आकडा दोन टक्के जास्त, म्हणून अंतर दोन टक्के कमी. बदलून पाहिला, तूट १२.४ वर सरकली.

ही चूक मॉड्यूलवाल्या मशीनवर सहज होते, असं माझं ठाम मत आहे. बॉडी, स्क्रीन, बॅटरी तीच राहते, मागचं मॉड्यूल तेवढं बदलतं. त्या दिवशी मॉड्यूल दुसऱ्या टीमकडून आलं होतं. मेनू ओळखीचे, बटणं जागच्या जागी, त्यामुळे हात सवयीने चालत राहतो. पण वेव्हलेंग्थ कोणत्या, चालू लाइनसाठी १६२५ चं पोर्ट आहे की नाही, हे मॉड्यूलवर ठरतं. आता मॉड्यूल बसवलं की मी आधी होम स्क्रीनवर त्याचं नाव वाचतो, मग सेटअपमध्ये जाऊन इंडेक्स.

ऑटो बटणावरही मी सगळं सोपवत नाही. लांब लाइन दिसली की ते रुंद पल्स निवडतं. १ मायक्रोसेकंदाचा पल्स ट्रेसवर सुमारे १०० मीटर जागा व्यापतो, म्हणजे ६० मीटरवर असलेले दोन जॉइंट ट्रेसवर एकच पायरी (प्रकाश कमी झाल्याची खूण) होऊन दिसतात. जवळचं बघायचं तर पल्स १० नॅनोसेकंदावर आणा, तो साधारण एका मीटरचा. मग दूरचा भाग गवतासारखा खरखरीत होतो, म्हणून दोन ट्रेस घ्यायचे. १३१० आणि १५५० एकावर एक ठेवायचेच. १३१० वर जेमतेम दिसणारी पायरी १५५० वर मोठी झाली, तर जॉइंट उकलण्याआधी त्याच्या ट्रेमध्ये फायबर कुठे वाकलंय का ते बघा.

इंडेक्स बरोबर असला तरी चेंबरमधले (जॉइंट ठेवायच्या खड्ड्यातले) जादा फायबरचे लूप लांबी वाढवतातच. म्हणून हल्ली मी ए मार्कर तुटीआधीच्या शेवटच्या जॉइंटवर ठेवतो, बी तुटीवर, आणि चाक त्या जॉइंटच्या चेंबरपासून फिरवतो. त्या दिवशी तो जॉइंट तुटीच्या ९०० मीटर आधी होता. तसं मोजलं असतं तर त्याच चुकीच्या इंडेक्सने आम्ही २० मीटरच चुकलो असतो, आणि तेवढ्यात मोरी समोर दिसली असती.